मेंडेलीव्ह यांची मोकळी घरे

दिमित्री मेंडेलीव्ह यांचा जन्म १८३४ सालचा, सायबेरियातल्या तोबोल्स्कचा. वडिलांची दृष्टी गेली तेव्हा आईने काचेचा कारखाना चालवून घर सांभाळले. पुढे वडील वारले, कारखानाही जळाला. मुलाला शिकवायचेच म्हणून ती त्याला घेऊन आधी मॉस्कोला, मग पीटर्सबर्गला गेली. १८५० मध्ये प्रवेश मिळाला. त्याच वर्षी तिने डोळे मिटले.

१८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी तोवर माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या क्रमाने मांडली. ठरावीक अंतराने तेच गुणधर्म परत येत होते. जिथे जुळेना, तिथे ओढूनताणून काही न बसवता त्यांनी घर मोकळे ठेवले. ॲल्युमिनियमखालच्या मोकळ्या घराचे नाव एका-ॲल्युमिनियम. हा ‘एका’ म्हणजे संस्कृतातला, आपलाच ‘एक’. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये गॅलियम सापडले. शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. तो धातू न पाहिलेल्या मेंडेलीव्ह यांनी कळवले, नमुना अशुद्ध असावा, घनता ५.९ च्या आसपास हवी. पुन्हा मोजली तर ५.९ भरली!

टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, तरी गुणधर्म पाहून त्यांनी ते आयोडीनच्या आधी बसवले. खरा क्रम अणुभाराचा नव्हे, अणुकेंद्रावरच्या विद्युतभाराचा, हे १९१३ मध्ये कळले. मेंडेलीव्ह १९०७ मध्येच गेले होते.