दगडाचा जमाखर्च मांडणारा बुन्सेन

शाळेच्या प्रयोगशाळेत निळ्या ज्योतीवर परीक्षानळी धरलेल्या प्रत्येकाला बुन्सेन हे नाव ठाऊक असते. परंतु याच रॉबर्ट बुन्सेनने ज्वालामुखीच्या दगडांचा पाईपाईचा हिशेब मांडला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी १८११ साली त्याचा जन्म झाला. तरुणपणी आर्सेनिकयुक्त द्रव्यांवर काम करताना स्फोट झाला आणि उजवा डोळा कायमचा गेला. विषबाधेने तो मरणाच्या दारातून परतला. एखाद्याने प्रयोगशाळेचे नावच टाकले असते. हा गृहस्थ मात्र १८४६ साली थेट आइसलंडला निघाला. आदल्याच वर्षी तिथला हेक्ला ज्वालामुखी जागा झाला होता. डेन्मार्क सरकारने या मोहिमेला साह्य केले. सोबत सार्टोरियस फॉन वाल्टर्सहाउझेन हा भूशास्त्रज्ञ मित्र होता.

उकळत्या पाण्याचे फवारे उडवणाऱ्या कुंडात बुन्सेनने तापमापक सोडले, जमिनीतून निघणारे वायू गोळा केले आणि पिशव्या भरभरून दगड घरी आणले. खरे काम पुढेच होते. त्या काळी दगडाचे नाव बहुधा त्याच्या रंगावरून, पोतावरून पडत असे. बुन्सेनला त्याच्या पोटात काय आहे ते हवे होते. दगडाची बारीक पूड करायची, ती धुण्याच्या सोड्याबरोबर तापवून वितळवायची, मग आम्लाच्या साह्याने एकेक घटक वेगळा काढून, वाळवून तोलायचा. सिलिका, अ‍ॅल्युमिना, लोह, चुना, मॅग्नेशिया; पोटॅश आणि सोडा मात्र सोडा न घातलेल्या वेगळ्या पुडीतून. शेवटी बेरीज शंभराच्या जवळपास यायला हवी. दिवसअखेर रोकड जुळते की नाही, या धाकधुकीत आयुष्य काढलेल्या आम्हा बँकेतल्या माणसांना हे काम लगेच उमगेल.

हे आकडे मांडता मांडता त्याला एक शिस्त दिसली. एका टोकाला फिकट दगड होते. त्यांत सिलिका शेकडा ७७ च्या आसपास आणि चुना जेमतेम दीड. दुसऱ्या टोकाला काळे दगड. त्यांत सिलिका ४८ आणि चुना १२ च्या घरात. मधले दगड या दोहोंच्या मिश्रणासारखे वागत होते. सिलिका दोन टोकांच्या बरोबर मध्ये असेल, तर चुनाही साडेसहाच्या आसपास भरायचा. १८५१ साली बुन्सेनने सिद्धांत मांडला: पृथ्वीच्या पोटात शिलारसाचे दोन साठे आहेत आणि ज्वालामुखीचे सगळे दगड त्यांच्याच मिसळीतून बनतात.

विरोधाचा पहिला सूर सोबतच्या मित्रानेच लावला. सार्टोरियसच्या मते दोन वेगळे साठे मानण्याची गरज नव्हती. एकाच शिलारसाचे जड-हलके थर पुरेसे होते. पुढे विसाव्या शतकात दिसून आले, की शिलारस निवताना काही स्फटिक आधी तयार होऊन बाजूला पडतात आणि उरलेल्या रसाची घडणच बदलते. एकाच शिलारसातून नाना तऱ्हेचे दगड निपजू शकतात. बुन्सेनचा सिद्धांत सर्वांना लागू पडेना. मात्र शिलारस एकमेकांत मिसळतात, हे त्याचे म्हणणे आजही काही ज्वालामुखींच्या बाबतीत खरे ठरते.

टिकली ती त्याची हिशेबाची रीत. आज ज्वालामुखीच्या दगडाला बेसाल्ट म्हणायचे, अँडेसाइट की रायोलाइट, हे मुख्यत्वे सिलिका आणि सोडा-पोटॅश यांच्या टक्केवारीवर ठरते. फार जुन्या दगडांतला सोडा-पोटॅश पाण्याने हलतो. तेव्हा सहसा जागा न सोडणारे टायटॅनियम, झिर्कोनियम यांची साक्ष काढतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात सिलिका साधारण ४८ ते ५० टक्के भरते, म्हणजे बुन्सेनच्या काळ्या टोकाशेजारीच. आणि मुंबईच्या मढ-मनोरीकडे त्याच्या फिकट टोकाकडे झुकणारे, भरपूर सिलिकेचे दगडही आहेत.

१८५२ पासून बुन्सेन हायडेलबर्गला शिकवत होता. किर्खहोफबरोबर प्रकाशाचे पट्टे तपासून त्याने १८६० साली सीझियम आणि पुढच्या वर्षी रुबिडियम शोधले. गंमत पाहा, याच रुबिडियमच्या आधारे आज प्राचीन खडकांचे वय काढतात. त्याने लग्न केले नाही, आणि नाव झालेल्या त्या बर्नरचे पेटंटही घेतले नाही. १८८९ मध्ये निवृत्त झाल्यावर म्हातारपणाचा वेळ त्याने पुन्हा भूशास्त्राला दिला. १८९९ साली तो गेला.

त्याचा निष्कर्ष दुरुस्त करणाऱ्यांनाही दगड तोलूनच तो दुरुस्त करावा लागला. एका डोळ्याच्या या माणसाने दगडाकडे पाहण्याची जी दृष्टी दिली, ती अजून कामाला येते आहे.