सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे थोर इंजिनिअर होऊन गेले. कर्नाटकात मुद्देनहळ्ळी नावाचे खेडे आहे, तिथले ते. वडील लहानपणीच वारले. घरी गरिबी. बंगळूरला मुलांच्या शिकवण्या घेऊन ते शिकले. मग पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअर झाले. 1884 साली मुंबई सरकारने त्यांना नोकरी देऊन नाशिकला नेमले. म्हणजे ते आपलेपण आहेत, असे मी धरतो.

पुण्याजवळ खडकवासला धरण आहे. तिथे 1903 साली त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. पाणी फार चढले की दरवाजे स्वतःच उघडायचे, उतरले की मिटायचे. माणूस लागायचा नाही!

पण मला हैदराबादची हकिकत सगळ्यात आवडते. 28 सप्टेंबर 1908 ला तिथे मुसी नदीला महापूर आला. सुमारे 15 हजार माणसे मेली. अफजलगंजात एक चिंचेचे झाड होते. त्यावर चढून दीडशे माणसे वाचली म्हणतात. एका झाडावर एवढी माणसे कशी मावली कोण जाणे.

आता पुन्हा असा पूर आला तर काय करायचे? निजाम सरकारच्या दरबारात शहाणे लोक पुष्कळ असतील, पण नदीचे पाणी मोजणारा पाहिजे होता. म्हणून त्यांनी विश्वेश्वरय्यांना बोलावले. तेव्हा मुंबईची नोकरी सोडून ते परदेशात फिरत होते. 1909 साली ते हैदराबादला आले.

आल्याबरोबर त्यांनी उपाय सांगितला नाही. आधी कुठे किती पाऊस पडला याचे आकडे जमवले. तेव्हा कळले, की वरच्या अंगाची पुष्कळ तळी फुटली आणि ते सगळे पाणी एकदम शहरावर आले. मग त्यांनी सरकारला लिहून दिले, की शहराच्या वरच धरणे बांधा. एक मुसीवर, एक तिला मिळणाऱ्या ईसा नदीवर. पूर तिथे अडवायचा आणि पाणी हळूहळू सोडायचे. गुरुजींनी फळ्यावर दोन्ही नद्या काढल्या तेव्हा मला हे नीट समजले.

सरकारने त्यांचे ऐकले. पण उस्मानसागर 1920 साली पुरा झाला आणि हिमायतसागर 1927 साली. मधल्या काळात पाऊस लागला की काठच्या लोकांना झोप कशी येत असेल? धरणांना नावे दिली ती निजामाची आणि त्याच्या मुलाची. ज्यांनी सल्ला दिला त्यांचे नाव नाही. मला हे काही पटले नाही.

पुढे 1912 पासून 1918 पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. आधी ते सल्ला द्यायचे, आता दुसऱ्यांचा सल्ला त्यांनी ऐकायचा! 1955 साली त्यांना भारतरत्न मिळाले. ते शंभर वर्षांच्या वर जगले आणि एप्रिल 1962 मध्ये वारले. त्यांचा वाढदिवस 15 सप्टेंबरला. त्या दिवशी देशभर अभियंता दिन पाळतात.