थोरल्या भावाचे आठ रुपये

कोल्हापूरच्या दक्षिणेस कागल नावाचे गाव आहे. दीडशे वर्षांपूर्वी ती एक लहानशी जहागीर होती. या जहागिरीत कृष्णराव गोखले नावाचे गृहस्थ प्रथम कारकून आणि पुढे फौजदार म्हणून नोकरीस होते. मूळचे ते रत्नागिरी जिल्ह्यातले. कोकणातल्या तुटपुंज्या शेतीवर कुटुंबाचे पोट भरेना, तेव्हा अनेक कोकणवासीयांप्रमाणे तेही घाट चढून वर आले होते. त्यांनी कोल्हापुरात इंग्रजी शिक्षणास आरंभ केला होता. पण घरच्या अडचणीमुळे ते अर्ध्यावर सोडून त्यांना नोकरी पत्करावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढच्या पिढीत तोच प्रसंग त्यांच्या घरात पुन्हा दोनदा आला.

कृष्णरावांना दोन मुलगे. थोरला गोविंद व धाकटा गोपाळ. हा गोपाळ म्हणजेच पुढे साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी आजच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. कागलच्या शाळेतील प्राथमिक अभ्यास पुरा झाल्यावर इंग्रजी शिक्षणासाठी दोघेही भाऊ कोल्हापुरास राहू लागले. आपले शिक्षण अपुरे राहिले, निदान मुलांचे तरी तसे होऊ नये, असे वडिलांना वाटत असल्यास नवल नाही.

परंतु १८७९ साली कृष्णराव अकस्मात वारले. गोपाळ त्या वेळी तेरा वर्षांचा होता; म्हणजे हा धडा वाचणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या वयाचा. घरात साठवलेला पैसा नव्हता. शेतीचे उत्पन्न जेमतेम होते. आई आणि बहिणींचा भार होता. चुलते अंताजी यांनी कुटुंबाला कोकणात ताम्हनमळ्यास नेऊन आधार दिला. पण मुलांच्या शिक्षणाचा खर्च त्यांनाही झेपणारा नव्हता.

अशा वेळी गोविंदाने शाळा सोडली. तो अवघा अठरा वर्षांचा होता आणि त्याचेही लग्न झालेले होते. कागलातच त्याला महिना पंधरा रुपयांची नोकरी मिळाली. या पंधरा रुपयांची त्याने जी वाटणी केली, ती पाहण्यासारखी आहे. आठ रुपये तो दरमहा कोल्हापुरास गोपाळकडे पाठवू लागला आणि उरलेल्या सात रुपयांत घरखर्च भागवू लागला. संसार ज्याच्या डोक्यावर, त्याच्या वाट्याला सात आणि एकट्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आठ! व्यवहाराच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचाच म्हटला पाहिजे. गोविंदाने तो विचारपूर्वक चुकीचा केला होता.

कोल्हापुरात गोपाळने हे आठ रुपये कसे पुरवले असतील, याची कल्पना करा. शाळेची फी, भाड्याची खोली, शिधा, कपडे, पुस्तके आणि रात्रीच्या दिव्याचे तेल, सारे त्यातूनच. गोपाळ आपल्या हाताने स्वयंपाक करी. पैन् पैचा हिशेब ठेवी. एके दिवशी एक मित्र त्याला आग्रहाने नाटकाला घेऊन गेला. मित्र श्रीमंत घरचा. त्याने बोलावले, तेव्हा तिकीट त्यानेच काढले असणार, अशा समजुतीने गोपाळ गेला. पण काही दिवसांनी त्या मित्राने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने एक शब्द न बोलता ते देऊन टाकले. मात्र त्या महिन्याच्या हिशेबात दोन आण्यांची तूट आली. ती भरून काढण्यासाठी त्याने दिव्याचे तेल घेणे बंद केले आणि रात्रीचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून केला. त्या काळी मोठ्या झालेल्या अनेक माणसांविषयी अशी हकीकत सांगतात आणि ती ऐकून मुलांना रस्त्यावरच्या दिव्याचेच कौतुक वाटते. मला मात्र त्या दोन आण्यांचे महत्त्व अधिक वाटते. भावाकडे आणखी दोन आणे मागितले असते, तर त्याने ते पाठवले असते, हे गोपाळला ठाऊक होते. आणि म्हणूनच ते त्याला मागता आले नाहीत.

१८८१ मध्ये गोपाळ मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला. त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे पुरी झाली होती.

आता खरा पेच उभा राहिला. त्या काळी मॅट्रिक होणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणाला सरकारी कचेरीत किंवा शाळेत जागा मिळे आणि भावाइतका पगार गोपाळ सहज मिळवू शकला असता. तसे झाले असते, तर गोविंदाचे आठ रुपये वाचले असते आणि गोपाळच्या पगाराची घरात भर पडली असती. दोन वर्षे ओढाताण सोसलेल्या कुटुंबाला एकदम दुप्पट उत्पन्न झाले असते. उलट कॉलेजात जायचे म्हणजे खर्च वाढणार. आणि तो आणखी तीन वर्षे सोसल्यावर पदवी मिळेलच, याची खात्री कोणी द्यावी?

गोपाळने नोकरी धरण्याचे मनाशी ठरवले. हा निर्णय आळसाचा नव्हता, की विद्येच्या कंटाळ्याचाही नव्हता. तो कर्तव्यबुद्धीचा निर्णय होता. आपल्यासाठी भावाने शाळा सोडली, आपल्यासाठी वहिनी काटकसरीने दिवस काढीत आहे, हे ज्याला दिसते, त्या मुलाने आता माझे शिक्षण पुरे असे म्हणावे, यात वावगे काय आहे? मी अनेक वर्षे शाळेत काम केले. घरची ओढाताण पाहून हाच निर्णय घेणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकालाही मी कधी चूक म्हणू शकलो नाही.

परंतु गोविंदरावांनी ते मानले नाही. गोपाळने कॉलेजातच गेले पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. आपल्या वाट्याचे शिक्षणही त्याने घ्यावे, असा जणू त्यांचा हट्ट होता. त्यांच्या पत्नीनेही पतीला साथ दिली आणि दिराच्या शिक्षणासाठी आपले मोजके दागिने पुढे केले. त्या काळच्या स्त्रीला दागिना म्हणजे नुसती हौस नव्हती. अडीअडचणीच्या वेळी उपयोगी पडणारे तिच्या मालकीचे धन बहुधा तेवढेच असे. आजारपण, बाळंतपण, दुष्काळ, सर्व संकटांसाठी राखलेली ती पुंजी या माउलीने एका मुलाच्या पुस्तकांसाठी देऊ केली. तिचे नाव आपल्याला चरित्रग्रंथांत सहसा आढळत नाही.

अशा रीतीने नोकरीचा विचार मागे पडला आणि १८८२ च्या आरंभी गोपाळने कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात नाव घातले. वरच्या वर्गांची पुरी सोय तेथे नव्हती, म्हणून काही काळ त्याला पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकावे लागले आणि शेवटच्या वर्षासाठी तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. तेथे वर्डस्वर्थ हे इंग्रजीचे आणि हॉथॉर्नथ्वेट हे गणिताचे नामांकित अध्यापक होते. गोपाळची बुद्धी व परिश्रम पाहून त्याला महिना वीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. घरातून पैसे मागवण्याची गरज उरली नाही, याचा आनंद त्याला शिष्यवृत्तीच्या मानापेक्षा निश्चितच मोठा वाटला असेल. १८८४ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी तो बी.ए. झाला.

गोविंदरावांनी ज्या वयात शाळा सोडली, त्याच वयात धाकट्या भावाच्या हाती पदवी आली.

आता घराचे पांग फिटतील, असे कोणासही वाटावे. पदवीधर तरुणाला त्या काळी सारे दरवाजे मोकळे होते. गोपाळरावांनी अभियांत्रिकीचा विचार करून पाहिला. मग ते कायद्याच्या अभ्यासाकडे वळले. वकिलीत पैसा होता, मान होता. आणि भावाने वकील व्हावे, अशी गोविंदरावांची इच्छा होती. हा अभ्यास चालू असता चरितार्थासाठी १८८५ च्या जानेवारीत त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची जागा धरली. पगार महिना पस्तीस रुपये.

ही शाळा विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आदी मंडळींनी १८८० मध्ये काढली होती. सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून अल्प वेतनावर मुलांना शिकवायचे, असा त्यांचा बाणा होता. १८८४ मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. टिळक आणि आगरकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांच्या सहवासात या तरुण शिक्षकाचे मन बदलू लागले. सोसायटीचे आजीव सदस्य व्हावे, म्हणजे वीस वर्षे याच कामाला वाहून घ्यावे, असे त्यांना वाटू लागले. आजीव सदस्याचे वेतन पुढेही पंचाहत्तर रुपयांच्या आसपासच थांबणारे होते.

येथे पुन्हा तोच पेच निराळ्या रूपाने उभा राहिला. शिक्षण घेतले ते भावाच्या पैशावर. मग त्या शिक्षणाचा मोबदला अशा कामात घालवण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? गोपाळरावांनी हा निर्णय एकट्याने घेतला नाही. भावाची संमती मिळवून मगच ते १८८६ मध्ये आजीव सदस्य झाले आणि वकिलीचा मार्ग त्यांनी कायमचा सोडला. गोविंदरावांना त्या दिवशी काय वाटले असेल? सात रुपयांत संसार केलेल्या माणसाला वकिलीच्या उत्पन्नाचे मोल कळत नव्हते, असे थोडेच होते! तरी त्यांनी नकार दिला नाही. पहिल्या त्यागापेक्षा हा दुसरा त्याग मला अधिक कठीण वाटतो. पहिल्याच्या शेवटी फळाची आशा होती.

फर्ग्युसन कॉलेजात गोखल्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. ज्या विषयाला अध्यापक नसेल, तो विषय गोखल्यांकडे येई आणि ते रात्र रात्र बसून त्याची तयारी करीत. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले आणि त्याने त्यांना बऱ्यापैकी उत्पन्न करून दिले. पैन् पैचा हिशेब ठेवणाऱ्या मुलाच्या हातून अंकगणिताचेच पुस्तक व्हावे, हा योगायोग गमतीचा खरा. सुट्टीत इतर अध्यापक घरी जात, तेव्हा गोखले कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव फिरत. १९०२ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले.

त्यांचे सार्वजनिक जीवन सर्वांना परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली त्यांनी राजकारणाचे व अर्थशास्त्राचे धडे घेतले. १९०२ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषणे करू लागले आणि त्यांतील आकड्यांच्या मांडणीपुढे सरकारी अधिकारी सावध होऊन बसत. १९०५ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी १२ जून रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले.

त्यांच्या एका कार्याकडे मात्र विशेष लक्ष दिले पाहिजे. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना नगरपालिकांनी व लोकल बोर्डांनी आपल्या हद्दीत सक्तीचे शिक्षण द्यावे आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, अशी त्यात योजना होती. पोर शाळेत गेले की शेतात एक हात कमी होतो, हे गोखल्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. म्हणूनच त्या विधेयकात एक लहानसे कलम होते. ज्या पालकाची प्राप्ती महिना दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्याकडून फी घेऊ नये, असे ते कलम सांगत होते.

दहा रुपये हा आकडा विधेयकात कसा आला, त्यामागे कोणती गणिते होती, ते निराळे. पण तो आकडा लिहिणाऱ्या माणसाने लहानपणी दरमहा आठ रुपये मोजून घेतले होते आणि ते कोणाच्या पानातून येतात, हे त्याला माहीत होते.

सरकारने पैशाची अडचण पुढे केली. गरिबांची मुले शिकली तर मजूर मिळणार नाहीत, अशी काही जमीनदारांना धास्ती वाटली. विधेयकासाठी गोखल्यांनी ठिकठिकाणी फिरून लोकमत जागृत केले. तरी मार्च १९१२ मध्ये ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुण्यात गोखले निवर्तले.

पुढे १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा अधिकार कायद्याने मिळाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा स्वतंत्र भारताच्या संसदेने २००९ मध्ये केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. गोखल्यांचे विधेयक फेटाळले गेल्याला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे लोटली होती.