भोजराजा : चरित्र आणि आख्यायिका

माळव्याच्या परमार वंशातील राजा भोज याची स्मृती भारतीय भाषांनी जपली ती मुख्यत्वे आख्यायिकांतून. चुलता मुंज बाल भोजाच्या वधाची आज्ञा देतो, भोजाने धाडलेला श्लोक वाचून पश्चात्ताप पावतो आणि राज्य त्याच्या स्वाधीन करून वनात जातो; पुढे भोजाच्या सभेत कालिदास, बाण, भवभूती एकत्र नांदतात. बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'ने रूढ केलेली ही कथा पुष्कळांनी चरित्र म्हणूनच स्वीकारली.

इतिहासाची साक्ष निराळी आहे. मुंज वनात गेला नाही. दहाव्या शतकाच्या अखेरीस चालुक्य नृपती दुसरा तैलप याच्या बंदिवासात त्याचा अंत झाला. त्याच्यामागून गादीवर आला तो भोजाचा पिता सिंधुराज. पद्मगुप्ताच्या 'नवसाहसाङ्कचरिता'चा नायक हाच. भोजाचे राज्यारोहण इ. स. १०१० च्या सुमाराचे. त्याच्या कोकणविजयाचा निर्देश १०२० च्या ताम्रपटांत आढळतो. १०५५ च्या सुमारास, कलचुरी कर्ण आणि गुजरातचा भीम यांचे संकट माळव्यावर आले असता, त्याचे निधन झाले.

कालिदासाचे नाव ऐहोळेच्या ६३४ च्या शिलालेखातच कोरलेले आहे. तेव्हा तो अकराव्या शतकातील भोजाचा सभाकवी असणे अशक्य होय. परंतु एवढ्यावरून बल्लाळाला असत्यवादी ठरविणे हाही एक गैरसमजच. सोळाव्या शतकातील या संग्राहकाला बखर लिहावयाची नव्हती. लोकांच्या मुखी असलेली सुभाषिते त्याने एका आदर्श सभेत गुंफली, आणि त्या सभेसाठी भोजाचीच निवड व्हावी याला कारणही होते. भोजाच्या मृत्यूनंतर लवकरच बिल्हणाने त्याची भेट न घडल्याची खंत 'विक्रमाङ्कदेवचरिता'त नोंदविली आहे. कविवर्गातील ही कीर्ती आख्यायिकेहून जुनी आहे.

आख्यायिकेने खरी हानी केली ती अन्यत्र. तिच्यातील भोज श्लोकागणिक लक्ष मुद्रा देणारा रसिक श्रोता आहे. ग्रंथकार भोज तीत जवळजवळ दिसत नाही. छत्तीस प्रकाशांच्या 'शृंगारप्रकाशा'त शृंगार हाच एकमेव रस मानून त्याचे मूळ अहंकारात शोधणारा, 'सरस्वतीकंठाभरण' या एकाच नावाने व्याकरण आणि अलंकार या दोन्ही शास्त्रांवर ग्रंथ रचणारा हा विचारवंत दात्याच्या प्रतिमेआड झाकला गेला. भोजाचा अभ्यास त्याच्या दानकथांपासून आरंभिला, तरी तो या ग्रंथांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.