किर्लोस्करांचा नांगर आणि पिकअपची ओढ

केळापूर तालुक्यात कापूस वेचणीला आला की पांढरकवड्याच्या जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअप गाड्यांची रांग लागते. गाडी विकत घेताना बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो इंजिन किती अश्वशक्तीचे आहे, हा. आकडा मोठा म्हणजे गाडी जास्त ओझे ओढणार, असा सर्वसाधारण समज असतो. तो अर्धाच खरा आहे. इंजिनची शक्ती वेगळी आणि गाडीची ओढ वेगळी. हा फरक समजून घ्यायला एखादे जाडजूड पुस्तक लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे आयुष्य पाहिले तरी पुरते. बैलाच्या ओढीतून जास्तीत जास्त काम कसे काढावे, या प्रश्नावर त्यांच्या कारखान्याची पहिली कित्येक वर्षे गेली.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाचे मन मात्र शाळेत रमेना. त्याला चित्रे काढायला आणि यंत्रे उघडून पाहायला आवडे. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे एक अडचण निघाली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते.

हे अंशतः रंगांधत्व. डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतल्या एका प्रकारात दोष असला की काही रंगांत, बहुधा तांबड्या आणि हिरव्यात, गफलत होते. या दोषाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाला हे गुणसूत्र एकच मिळते, त्यामुळे पुरुषांत हा दोष स्त्रियांपेक्षा खूप जास्त आढळतो. जन्मजात रंगांधत्वावर त्या काळी उपाय नव्हता. लक्ष्मणरावांनी रंग सोडून रेषा धरली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांचा हात बसला आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले.

याच काळात त्यांनी सायकलींचा धंदा सुरू केला. मुंबईहून ते सायकली पाठवत आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकत, चालवायलाही शिकवत. शक्ती आणि ओढ यांतला फरक समजायला सायकल फार सोयीची आहे. सायकल चालवणारा माणूस सतत जेमतेम एक दशांश अश्वशक्ती देऊ शकतो. मागचे दातेरी चक्र लहान असेल तर सपाट रस्त्यावर वेग मिळतो, पण चढावर पाय थकतात. चक्र मोठे असेल तर चढ सोपा जातो, पण वेग कमी होतो. पाय तेच आणि शक्तीही तीच. वेग द्यावा तेव्हा ओढ मिळते, आणि ओढ कमी केली की वेग मिळतो.

१८९७ मध्ये हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. तिथे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. पण शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळते, असा समज होता. लाकडी नांगर घरच्या बाभळीचा आणि गावच्या सुताराने केलेला असे. नव्या नांगरावर पैसे घालायला लोक कचरत. ही भीती एकदम गेली नाही. नांगर प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवावा लागला, आणि एका शेतकऱ्याचे पाहून दुसरा धजावला.

बैलाचे गणित त्याहून अवघड होते. धडधाकट बैल दिवसभर काम करताना आपल्या वजनाच्या साधारण दहा ते बारा टक्के इतकीच ओढ सतत देऊ शकतो. चारशे किलोचे दोन बैल धरले तर जोडीची ओढ ऐंशी ते शंभर किलोच्या आसपास भरते. बैलांची संथ चाल धरून हिशेब केला तर ही शक्ती एक अश्वशक्तीही पूर्ण होत नाही. लाकडी नांगर माती नुसती फाडतो. लोखंडी नांगर मातीचा पट्टा कापून उलटा करतो, म्हणून त्याला ओढ जास्त लागते. काळ्या जमिनीत पंधरा सेंटीमीटर खोल आणि वीस सेंटीमीटर रुंद तास घ्यायचे, तर दीडशे किलोच्या आसपास ओढ लागू शकते. म्हणजे एका जोडीचे ते काम नव्हे. विदर्भाच्या कापसाच्या पट्ट्यात शेतकरी दरवर्षी नांगरट न करता वखरणीवर भर देत आले, त्यालाही हा हिशेब होता. नांगर काढायचा तो हरळी-कुंदा माजल्यावर, आणि तेव्हाही दोन-तीन जोड्या जुंपून.

म्हणून एकच मोठा नांगर करून भागणार नव्हते. लहान जोडीला हलका आणि खोल नांगरटीला जड, असे वेगवेगळ्या मापांचे नांगर लागत. मापाबाहेरचा नांगर लादला तर त्याची किंमत जनावर मोजते. जोखडाखाली खांदा सोलवटतो, सुजतो आणि खांदेसूज घेऊन बैल महिनाभर दावणीला राहतो. बैल एखाद्या क्षणी दुप्पट जोर लावतोही, पण तो जोर दिवसभर मागता येत नाही.

१९१० मध्ये बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि लक्ष्मणरावांना ती सोडावी लागली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन आणि कर्ज दिले. ती माळरानाची जमीन होती. तिच्यावर निवडुंग माजलेला होता आणि साप-विंचू भरपूर होते. सहकाऱ्यांना घेऊन लक्ष्मणरावांनी तिथेच गाव वसवले, ते किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्यांच्या ओतीव लोखंडाचे नांगर झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली.

नांगराबरोबर उसाचे लोखंडी चरकही निघू लागले. चरकाच्या माथ्यावर लांब दांडा असतो आणि त्याच्या टोकाला जुंपलेले बैल गोल फिरतात. दांडा जितका लांब, तितका त्याच बैलांचा पीळ जास्त. या पिळालाच अभियंते टॉर्क म्हणतात. जोर आणि मध्यापासूनचे अंतर यांचा तो गुणाकार आहे. जेम्स वॉटने अठराव्या शतकात अश्वशक्तीचे माप ठरवले, तेही असाच दांडा धरून गोल फिरणाऱ्या घोड्यांवरून. एका सेकंदात ७५ किलो वजन एक मीटर उचलणे, म्हणजे आज आपल्याकडे सांगितली जाणारी एक अश्वशक्ती. या मापात वेळ आली. टॉर्कमध्ये वेळ नाही. पीळ किती, एवढेच टॉर्क सांगतो. तो पीळ किती झपाट्याने काम उरकतो, ते अश्वशक्ती सांगते.

पुढे किर्लोस्करवाडीत पंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्रशास्त्र शिकून आले. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. मोटेच्या धावेवर बैल जे काम अंगाचे वजन टाकून करत, ते डिझेल इंजिन करू लागले. बैलाच्या ओढीचा प्रश्न मात्र संपला नाही. तो इंजिनाच्या गाडीत येऊन बसला.

आजच्या पिकअपवर हा हिशेब लावून पाहू. दीड टनाच्या आसपास माल नेणाऱ्या पिकअपचे डिझेल इंजिन साधारण ७५ अश्वशक्तीचे असते आणि त्याचा टॉर्क २०० न्यूटन-मीटरच्या आसपास. छोट्या पेट्रोल कारची अश्वशक्ती ८० ते ९० असू शकते, पण टॉर्क ११० ते ११५ च्या घरात राहतो. कारची शक्ती जास्त असूनही ओझे पिकअपच नेते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर पीळ देते, आणि गिअर तो पीळ चाकापर्यंत कित्येक पट वाढवून पोचवतो. शंभर सीसीच्या मोटारसायकलला आठेक अश्वशक्ती असते, तरी तिला नांगर ओढवत नाही. एक अश्वशक्तीही न भरणारी बैलजोडी तो ओढते.

मग अश्वशक्तीचा उपयोग काय? गाडी आणि माल मिळून ३,२०० किलो वजन धरू. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणारा डांबरी चढ आहे. वजनाला वर ओढायला १६० किलो आणि चाकांच्या घर्षणासाठी सुमारे ४८ किलो, अशी एकूण २०८ किलो ओढ लागेल. हा चढ ताशी ६० किलोमीटरने चढायला सुमारे ४६ अश्वशक्ती लागते. ताशी २० ने चढायला १५ पुरते. ओढ दोन्ही वेळा तीच आहे. ओझे हलेल की नाही हे टॉर्क आणि गिअर ठरवतात. ते किती वेगाने हलेल, हे अश्वशक्ती ठरवते.

पावसानंतरच्या पांदणीत चित्र पालटते. ओल्या काळ्या मातीत चाक फिरवायलाच वजनाच्या दहा-पंधरा टक्के ओढ लागू शकते. म्हणजे ३२० ते ४८० किलो, डांबरी चढापेक्षा कितीतरी जास्त. तिथे इंजिन कमी पडत नाही. टायरची मातीवरची पकड कमी पडते आणि चाक जागच्या जागी फिरते. ट्रॅक्टर याच जागी सरस ठरतो. त्याची अश्वशक्ती पिकअपपेक्षा कमी असली तरी मागच्या मोठ्या चाकांवर भरपूर वजन असते आणि गिअर संथ असतात.

इंजिन ओढते म्हणून गाडीवर वाटेल तेवढे लादता येते, असे मात्र नाही. बैलाचा खांदा जे सोसतो, ते गाडीत साटा, पाटे, धुरा, क्लच आणि ब्रेक सोसतात. मागे ट्रॉली जोडली तर जोडकडीही त्यात येते. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपच्या ओढण्याच्या मर्यादाही नुसत्या इंजिनवरून ठरत नाहीत. साटा, इंजिन थंड ठेवण्याची सोय आणि ब्रेक पाहूनच त्या ठरवतात. वजन दुप्पट झाले की ब्रेकने शोषायची ऊर्जा दुप्पट होते, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. चढावर ओझे जड झाल्याचे इंजिन आवाजाने सांगते. उतारावर ब्रेक तापून निकामी होईपर्यंत काही सांगत नाही. मोकळा कापूस हलका असला तरी उंच रचला जातो. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो. त्या कापसावर वेचणीच्या बाया बसलेल्या असतात. मालाच्या साट्यात माणसे बसवायला कायद्याने बंदी आहे, ती याच कारणाने.

लक्ष्मणरावांचे २६ सप्टेंबर १९५६ रोजी निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले. नांगर बैलाच्या मापाने घ्यायचा असतो, हे त्यांच्या गिऱ्हाइकांना अनुभवाने ठाऊक झाले होते. पिकअप घेणाऱ्याने अश्वशक्तीच्या जोडीला तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, टॉर्क किती आणि तो किती फेऱ्यांवर मिळतो. दुसरी, नोंदणीपत्रावर मालासह एकूण वजनाची मर्यादा किती लिहिली आहे. तिसरी, ट्रॉली ओढायची असेल तर कंपनीने त्या गाडीला किती मर्यादा दिली आहे. हंगाम सुरू होण्याआधी ब्रेक आणि टायर तपासून घ्यावेत. जिनिंगच्या वजनकाट्यावर गाडीचे भरलेले वजन कळतेच. ते नोंदणीपत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहिले, तर पुढच्या खेपेला किती भरायचे हे तिथेच ठरवता येते.