हात धुवा म्हणणारा डॉक्टर

मागच्या महिन्यात शेजारच्या सुनेच्या बाळंतपणाला सोबत म्हणून गेले होते. तिथे एकीला तपासून झालं आणि त्याच हातांनी दुसरीला तपासलं गेलं. मी पाहिलं, पण बोलले नाही. मी साधी बी.ए. झालेली गृहिणी, दवाखान्यातल्या माणसांना काय शिकवणार? पण घरी आल्यावर मनाला चैन पडेना. सारखा आठवत होता तो इग्नाझ सेमेलवाइस.

मैत्रिणींनो, हा डॉक्टर १८१८ मध्ये हंगेरीतल्या बुडा शहरात जन्मला. १८४६ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाच्या विभागात कामाला लागला. तिथे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुईणी. पहिल्या वॉर्डात शंभरातल्या जवळजवळ दहा बायका दगावायच्या, बहुतेक बाळंतज्वरानं. दुसऱ्यात मात्र चारच! गावभर ही गोष्ट ठाऊक होती. पहिल्या वॉर्डात नको म्हणून गरीब बायका गुडघे टेकून गयावया करायच्या.

सेमेलवाइसला हे बघवेना. बायकांना कुशीवर झोपवून बघितलं, पाद्र्याची घंटा बंद करून बघितली. काही फरक पडेना. मार्च १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेट्श्का वारले. शवविच्छेदन करताना त्यांच्या बोटाला सुरी लागली होती. त्यांच्या शरीरात जे बिघाड दिसले, ते थेट बाळंतिणींसारखेच! मग त्याला उलगडा झाला. डॉक्टर मंडळी मृतदेह चिरून तशीच बाळंतिणीला तपासायला येत. सुईणी प्रेतांना हात लावत नसत.

मे १८४७ पासून त्यानं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका गेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनावर आलं!

त्याला डोक्यावर घेतलं असेल, असं वाटतं ना? उलटंच झालं. आपल्याच हातांनी बायका मेल्या, हे कबूल कोण करणार? त्यानं स्वतः मात्र ते कबूल केलं. तोही शवविच्छेदन करायचाच. १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली नाही. तो पेस्टला परतला, तिथेही बाळंतिणी वाचवल्या. १८६१ मध्ये पुस्तक लिहिलं. विरोधकांना जळजळीत पत्रं लिहिली. शेवटी मन बिघडलं. १८६५ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, तिथे मारहाण झाली. जखमा चिघळून दोनच आठवड्यांत, वयाच्या ४७व्या वर्षी, तो गेला. १८७९ मध्ये पाश्चरनं बाळंतज्वराचे जंतू दाखवून दिले, तेव्हा हा बघायला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले, तेव्हा धीर करून नर्सताईंना हात धुवायची आठवण केली. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्या नळाकडे गेल्या. मी बाळाला घ्यायला वाकले आणि एकदम थबकले. आदल्या दिवशी एसटीतून उतरून मी तरी कुठे हात धुतले होते? तशीच बाळाला उचलून पापा घेऊन मोकळी झाले होते!

मुकाट्यानं मीही नळावर गेले. नर्सताई हसल्या आणि साबण माझ्याकडे सरकवला.