प्रोफेसर केल्फा ते दादासाहेब: पडद्यावरील चमत्कारांचा कारागीर

कंसाचे मस्तक धडावेगळे होते, हवेत वर जाते आणि पुन्हा खाली येऊन धडावर बसते. १९१८ साली प्रदर्शित झालेल्या 'श्रीकृष्ण जन्म' या मूकपटातील हे स्वप्नदृश्य. संगणकाचे नावही कोणाला ठाऊक नसलेल्या त्या काळात ही करामत केली ती धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनी. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. पडद्यावरील चमत्कृतिदृश्यांचे, आजच्या भाषेत 'व्हिज्युअल इफेक्ट्स'चे, आपल्याकडील पहिले मोठे कारागीरही तेच होते. ही बाजू मात्र काहीशी झाकोळलेली राहिली.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, विद्वान शास्त्र्याच्या घरात झाला. घरचा वारसा पौरोहित्याचा असला तरी मुलाचा ओढा कुंचल्याकडे होता. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचे कलाभवन असा त्यांचा प्रवास झाला. चित्रकला, छायाचित्रण, छपाईची तंत्रे असे जे जे हाती आले ते ते त्यांनी आत्मसात केले. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला. पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोघेही गेले आणि तो डाव मोडला. पुढे त्यांनी जादूचे धडे घेतले. 'फाळके' हे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते जादूचे प्रयोगही करू लागले. चरित्रकार या प्रकरणाकडे गमतीचा भाग म्हणून पाहतात. वास्तविक पुढच्या साऱ्या कर्तृत्वाची किल्ली इथेच आहे. प्रेक्षकाची नजर कुठे खिळवावी आणि नेमक्या कोणत्या क्षणी वस्तू गायब करावी, हे शिक्षण त्यांना कोणत्याही कलाशाळेत मिळाले नसते.

पुरातत्त्व खात्यातील नोकरी त्यांनी सोडली, छापखानाही भागीदारांशी न पटल्याने सोडला. १९११ मध्ये गिरगावातील तंबूत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला आणि या माध्यमाने त्यांना झपाटले. चित्रपट पाहणे आणि रात्री-अपरात्री प्रयोग करणे यांचा ताण डोळ्यांवर आला. काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परतली, तेव्हा विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या आरंभी त्यांनी लंडन गाठले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरणाची रीत पाहिली आणि कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते परतले.

भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी जी पहिली फीत केली, तीच मुळात एक चमत्कृती होती. कुंडीत वाटाणा पेरून समोर कॅमेरा रोखला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर मिनिटभरात बीज अंकुरले आणि त्याचा वेल झाला. दिवसाला एकच चौकट घेतल्याची कथा सर्रास सांगितली जाते, पण ती हिशेबात बसत नाही. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तरी मिनिटाला ९६० होतात. दिवसाला एक या दराने अडीच वर्षांहून अधिक काळ लागला असता! अर्थातच दिवसातून अनेकदा कॅमेऱ्यापाशी जाणे आले.

या खटाटोपात द्वितीय पत्नी सरस्वतीबाईंचा वाटा निम्म्याहून कमी नव्हता. दागिने तर त्यांनी दिलेच. शिवाय कोऱ्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे हीही कामे त्यांनी केली. दिवसा चित्रीकरणातील चमूचा स्वयंपाक आणि रात्री फिल्म, असा तो संसार होता. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' झळकला.

त्या काळी चमत्कार बव्हंशी कॅमेऱ्यातच घडवावा लागे. देव अंतर्धान पावायचा असेल तर कॅमेरा थांबवायचा, इतर नटांनी जागच्या जागी पुतळ्यासारखे उभे राहायचे, देवाने चौकटीबाहेर जायचे आणि पुन्हा हँडल फिरवायचे. दोन प्रतिमा एकत्र आणायच्या तर चौकटीचा एक भाग काळा झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि उरलेल्या भागावर दुसरे दृश्य टिपायचे. हँडल हाताने फिरवायचे असल्याने गती सारखी राखणे हीच परीक्षा. एक फेरा चुकला तर आधीचे चांगले चित्रणही वाया! फिल्म महाग, त्यात कर्जाची. 'लंका दहन'मध्ये (१९१७) मारुतीचे उड्डाण आणि पेटलेली लंका पाहायला लोटलेली गर्दी या साऱ्या जोखमीची भरपाई ठरली. राम पडद्यावर प्रकटताच प्रेक्षक लोटांगण घालीत, असे त्या काळचे वृत्तान्त सांगतात.

बोलपट आला आणि काळ पालटला. हिंदुस्थान फिल्म कंपनीतील मतभेद, मधला काशीवास, परतणे हे सारे होऊन गेले होते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' (१९३७) हा आपला एकमेव बोलपट केला. विषय पुन्हा चमत्काराचाच, स्वर्गातून उतरणाऱ्या गंगेचा. पण प्रेक्षक आता संवाद आणि गाणी मागत होता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते चित्रसृष्टीपासून दूर, आर्थिक ओढगस्तीत होते.

त्यांच्या नव्वदहून अधिक चित्रपटांपैकी फारच थोडे अवशेष उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची उपलब्ध रिळे १९१३ ची की दादासाहेबांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावरही अभ्यासकांत एकमत नाही. पी. के. नायर यांच्या प्रयत्नांमुळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'कालिया मर्दन' (१९१९) मात्र बऱ्याच अंशी शाबूत आहे. त्यात कृष्णाची भूमिका दादासाहेबांची कन्या मंदाकिनी हिने केली. कालियाशी पाण्याखाली चाललेली झुंज आणि काठावरील आक्रोश ही दृश्ये आलटून पालटून जोडलेली दिसतात. संकलनावरील त्यांची हुकमत तिथे कळते. चित्रपटाची सुरुवात त्याहून विलक्षण आहे. साध्या वेशातील मंदाकिनी आधी प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक पालटते आणि मग पाहता पाहता तिच्या जागी मुकुटधारी कृष्ण साकारतो. जादूगार सहसा आपली युक्ती उघड करीत नाही. प्रोफेसर केल्फाने ती आरंभीच दाखवली, आणि तरीही पुढे कालियाच्या फण्यावर नाचतो तो कृष्णच.